छत्री उलटण्याआधी

मुक्तानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं काहीतरी स्वतःभोवती फिरत होतं. थोडं निळं, थोडं केशरी.

"हे आरएसव्हीचं एफ प्रथिन," ती म्हणाली.

"छान आहे," मी म्हटलं. "ताप किती आहे याला?"

ती हसली नाही. हा विनोद मी तिला गेल्या दिवाळीतही ऐकवला होता म्हणे.

माझी भाची बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत विषाणू गोठवून त्यांचे नकाशे काढते. मी सदतीस वर्षं कराडच्या बाजूला एका बाजारगावात दवाखाना चालवला आणि गेल्या वर्षी पाटी उतरवली. म्हणजे दोघांचंही पोट विषाणूंवरच. फरक इतकाच, की मी त्यांना कधी पाहिलं नाही आणि तिनं त्यांच्यापायी धापा टाकणारं लेकरू कधी हातात घेतलं नाही. आषाढातल्या एका रविवारी ती आली, बाहेर पाऊस धरलेला, आणि आमचं नेहमीचं भांडण सुरू झालं.

"तुझं म्हणणं काय ते एकदा सरळ सांग, मामा."

"एवढंच, की आकार कळला म्हणजे आजार कळला असं तुम्ही लोक धरून चालता. मी एकाच घरात एकच फ्लू चार तऱ्हांनी पाहिलाय. आजोबा ऑक्सिजनवर, सून दोन दिवस शिंकून पुन्हा शेतावर, पोरगं ठणठणीत. विषाणूचा आकार चौघांत सारखाच होता ना?"

"मी तिघंच मोजली."

"चौथा मी. मला त्यांच्याकडूनच लागला."

आता हसली. मग म्हणाली, "बरं, सारखाच होता. पण तो चौघांच्या घशात शिरला कसा? त्याला हात नाहीत, पाय नाहीत, तोंड नाही. इंधनसुद्धा नाही. आपली पेशी साखर जाळून शक्ती काढते, तसं त्याच्यापाशी काहीच नाही. त्याच्यापाशी आहे तो फक्त आकार. जे काही करायचं ते आकार बदलूनच."

हे मी एमबीबीएसला कधी ऐकलं नव्हतं. आम्हाला विषाणू शिकवला तो गाळणीतून पार होणारा, साध्या सूक्ष्मदर्शकात न दिसणारा, अशा नकारांच्या यादीनं. पण इतक्यात कबुली द्यायची नव्हती. "म्हणजे काय, ते दाखव."

तिनं कोपऱ्यातली माझ्या बायकोची बटणाची छत्री उचलली. दांडा जमिनीला टेकवून, जोर लावून बंद केली. खट्. "आता हिच्यात ताण भरलेला आहे. कुणी भरला?"

"तू."

"विषाणूच्या अंगावरच्या काट्यात तो आपली पेशी भरते. प्रथिन तयार होताना त्याची घडीच अशी बसते, की ते अडकून राहतं. सुटायची वाट बघत. फ्लूचा हिमॅग्लुटिनिन हा काटा घे. १९८१ मध्ये विल्सन, स्केहेल आणि वायली यांनी त्याची रचना पहिल्यांदा उलगडली. पेशीतून निघतो तेव्हा तो एकसंध असतो, आणि तोवर बटण दाबलं तरी छत्री उघडत नाही. एका ठरावीक जागी त्याला कात्री लागावी लागते. ती कात्रीही आपलीच. श्वासनलिकेतल्या पेशींची एन्झाइमं."

"म्हणून फ्लू छातीत राहतो, यकृतात जात नाही?"

"बऱ्याच अंशी म्हणून. आणि नवापूर आठवतंय?"

न आठवून सांगतो कुणाला! फेब्रुवारी २००६, नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर, देशातला पहिला बर्ड फ्लू. आमच्या गावातही महिनाभर अंडी कुणी फुकट घेईना.

"तसल्या जहाल एच५ विषाणूंत त्या कात्रीच्या जागी मोजकी जादा अमिनो आम्लं असतात," मुक्ता म्हणाली. "तेवढ्यानं तिथं फ्युरिन नावाची कात्री चालते, आणि फ्युरिन शरीरात सगळीकडे असतं. मग कोंबडीच्या छाती-आतड्यांपुरतं राहायचं सोडून विषाणू मेंदूपर्यंत पसरतो. मोजकी अमिनो आम्लं, मामा. आकारातला इतकासा फरक."

मी गप्प बसलो. हिनं स्वयंपाकघरातून विचारलं, "माझ्या छत्रीचं काय चाललंय?"

मुक्ता पुढे सांगत राहिली. कात्री लागलेला विषाणू पेशीला चिकटतो, पेशी त्याला एका पिशवीत घेऊन आत ओढते, पिशवी आंबट होत जाते. सामू पाचच्या आसपास आला की ते आम्ल म्हणजे बटण. आत दडपलेला भाग स्प्रिंगसारखा सुटतो, त्याचं टोक पेशीच्या पडद्यात घुसतं, मग सगळं प्रथिन मधोमध मुडपून दोन पडदे एकमेकांना भिडवतं. दोन पडद्यांचा एक झाला की विषाणूचा आरएनए आत. त्याच वेळी आवरणातली एम२ नावाची बारीक नळी आम्ल विषाणूच्या पोटात सोडते आणि तिथली आतली बांधणी ढिली करते. हे सगळं सांगताना तिनं बटण दाबलं. छत्री इतक्या जोरात उघडली की टीपॉयवरचा कप गेला.

"हे एकदाच," ती फुटके तुकडे गोळा करत म्हणाली. "पुन्हा बंद करायला त्याच्यापाशी कुणी नाही. बाहेरच्या हवेत, रुमालावर, चुकीच्या जागी उघडली, तर तो काटा वाया गेला. म्हणून तो बाहेर टिकण्याइतका पक्का हवा आणि आत उघडण्याइतका कच्चा. फार पक्का झाला तरी मेला, फार कच्चा झाला तरी मेला."

हे मला पटलं, आणि पटल्यावर मी नेहमी करतो तेच केलं. दुसरीकडून हल्ला चढवला.

"तुझ्या पुस्तकात फ्लूचा विषाणू कसा काढलेला असतो?"

"चेंडूसारखा. शंभरेक नॅनोमीटरचा. वर तीन-चारशे काटे."

"आणि रुग्णाच्या घशातून ताजा काढला तर?"

ती क्षणभर थांबली. हा मुद्दा मी एका मासिकात वाचून राखून ठेवला होता. "बऱ्याचदा धाग्यासारखा," तिनं कबूल केलं. "काही धागे कित्येक मायक्रोमीटर लांब. प्रयोगशाळेत कोंबडीच्या अंड्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढवला, की गोल होत जातो. आतल्या अस्तराच्या एम१ प्रथिनात थोडा बदल झाला तरी धाग्याचा चेंडू होतो."

"म्हणजे जगभरच्या पुस्तकांत जो चेंडू छापलाय, तो प्रयोगशाळेच्या सवयीचा चेंडू. आजाऱ्याच्या नाकातला नव्हे."

"हो."

"आणि तुम्ही जे गोठवता, त्या हजारो कणांची सरासरी काढता. सरासरीत विक्षिप्त कोण ते दिसत नाही. आमच्याकडे दवाखान्यात येतो तो नेमका विक्षिप्तच."

"मामा, गोठवण्यालाच २०१७ चं नोबेल मिळालंय."

"मिळू दे. लग्नाचा अल्बम कितीही चांगला निघाला, तरी संसार कसा झाला ते त्यातून कळत नाही."

हे वाक्य मला त्या वेळी फारच आवडलं होतं. आता लिहिताना तेवढं खरं वाटत नाही, कारण पुढच्या दहा मिनिटांत तिनं त्या अल्बममधूनच संसार काढून दाखवला.

मुद्दा निघाला बांधणीचा. मी विचारलं, पेशीच्या आत एवढे सुटे भाग पडलेले असतात, ते जुळवतं कोण? मुकादम कोण? ती म्हणाली, मुकादम नाहीच. सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस घे. तीस नॅनोमीटर, चरबीचं आवरण नाही, नुसतं प्रथिनांचं वीस पैलूंचं कवच. त्याच्या आरएनएत जेमतेम सात हजार अक्षरं. इतक्या लहान चिठ्ठीत मोठ्या वाड्याचा आराखडा मावत नाही. म्हणून एकच वीट साठदा वापरायची, आणि विटेचे कोपरेच असे घडवायचे की त्या आपोआप एकमेकींत बसाव्यात. क्रिक आणि वॉटसन यांनी १९५६ मध्ये नुसत्या तर्कानं हे मांडलं होतं. डीएनएवाले तेच दोघे.

"आणि आवरण नसल्यामुळे," ती जाता जाता म्हणाली, "सॅनिटायझरला तो करोनाइतका दबकत नाही."

म्हणजे दवाखान्याच्या टेबलावर मी वर्षानुवर्षं ठेवलेली ती निळी बाटली! असो.

"पण फ्लूचं तसं नाही," ती सावरून बसली. "फ्लूचा आरएनए एकसंध नाही, आठ तुकड्यांत आहे. नवा विषाणू धड व्हायचा तर आठही तुकडे आत यायला हवेत, प्रत्येकी एक. पेशीच्या पडद्याखाली ते जमतात. कोंब फुटताना त्याला आडवा छेद दिला, तर काय दिसतं माहितीये? मधे एक आणि भोवती सात."

"भोंडला," ही दारातून म्हणाली. शेंगांचं सूप घेऊन ती केव्हाच येऊन उभी होती.

"भोंडलाच, मामी! मधे हत्ती आणि भोवती सात जणी. प्रत्येक तुकड्याच्या टोकांशी खुणा असतात, त्यावरून कोण कुणाशेजारी ते ठरतं. पण फेर दर वेळी पुरा होतोच असं नाही. पेशीतून सुटलेल्या कणांत धड काम करणारे थोडे. बहुतेक कुठं ना कुठं लंगडे."

"बघ!" मी म्हटलं. "म्हणजे ढिसाळ कारखाना. तुझं नेटकं यंत्र कुठं गेलं?"

"थांब. आता एकाच पेशीत दोन वेगळे फ्लू एकदम शिरले तर?"

मला कळायला एक सेकंद लागला. मग अंगावर काटा आला.

"भोंडल्यात दुसऱ्या आळीतल्या पोरी मिसळतात," मुक्ता म्हणाली. "तुझी २००९ची स्वाइन फ्लूची साथ तीच. त्या एच१एन१चे आठ तुकडे डुक्कर, पक्षी आणि माणूस अशा वेगवेगळ्या वंशावळींतून आलेले होते. आरएनए एकसंध असता तर इतक्या सहजी ही सरमिसळ झाली नसती. आठ तुकडे आणि ढिली बांधणी. त्यातून तुझा साथीचा पावसाळा."

२००९चा ऑगस्ट मी विसरलेलो नाही. देशातला पहिला बळी पुण्यात गेला, शाळेत जाणारी मुलगी, आणि त्या आठवड्यात पुण्याहून गावी परतलेल्या प्रत्येकाला आमच्याकडे संशयानं बघत होते. नायडू रुग्णालयासमोरच्या रांगा टीव्हीवर दिसत. माझ्याकडे लोक नाकाला निलगिरीचा रुमाल बांधून यायचे आणि फ्लूवरची 'ती गोळी' मागायचे. ती सुरुवातीला सरकारी केंद्रांतूनच मिळे. मी हात जोडून तालुक्याला पाठवायचो.

"ती गोळीसुद्धा आकारातूनच आलीये," मुक्ता म्हणाली. "फ्लूचं दुसरं प्रथिन, न्युरामिनिडेज. हिमॅग्लुटिनिन पेशीवरच्या सियालिक आम्लाला चिकटतं, आणि हे ते आम्ल कापतं. कापलं नाही तर नवे विषाणू ज्या पेशीतून निघाले तिलाच चिकटून बसतील. १९८३ मध्ये त्याची रचना कळली, त्यातली खोबण कळली, आणि खोबणीत बरोबर बसेल असं औषध लोकांनी बेतलं."

"हे औषध मी दिलंय, तू नाही," मी म्हटलं. "अठ्ठेचाळीस तासांच्या आत सुरू केलं तर धडधाकट माणसाचा ताप दिवसभरानं आधी उतरतो, तोही जेमतेम. आमची माणसं तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतात. आणि २००८च्या सुमाराला नेहमीच्या एच१एन१नं एक अमिनो आम्ल बदललं, की गोळी त्याच्यावर चालेनाशी झाली. सर्दीचं काय झालं? तुझ्या त्या साठ विटांच्या कवचाचं?"

सर्दीची गोष्ट तिनं प्रामाणिकपणे सांगितली. १९८५ मध्ये मायकेल रॉसमन यांनी ऱ्हायनोव्हायरसची रचना काढली. कवचावर खोल दऱ्या होत्या आणि पेशीला धरायची जागा दरीच्या तळाशी. अँटिबॉडी जाड, दरीत उतरणार नाही, म्हणून विषाणू तिथं आपली न बदलणारी जागा लपवतो, असा त्यांचा अंदाज. पुढे काही अँटिबॉडी दरीत उतरताना सापडल्या. दरीखालच्या पोकळीत पाचर बसवणारं प्लेकोनॅरिल हे औषध निघालं. त्यानं सर्दी एक दिवसानं कमी झाली, पण गर्भनिरोधक गोळ्यांच्या कामात ते लुडबूड करतं असं दिसलं, आणि अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००२ मध्ये ते नाकारलं.

"तेव्हा," मी म्हटलं, "सुंठ-गूळ अजून शाबूत."

"सुंठ-गूळ शाबूत. पण आता हा गड्डा बघ." तिनं लॅपटॉप पुन्हा पुढे ओढला.

आरएसव्ही, म्हणजे तान्ह्या बाळांची छाती धरणारा विषाणू, हे नाव मी उशिरा शिकलो. आमच्याकडे त्याला बाळदमाच म्हणत. १९९१च्या श्रावणात एका पहाटे एक आजी तीन महिन्यांचं लेकरू घेऊन आली. नाकपुड्या फुलत होत्या, पोट उडत होतं, खालच्या बरगड्या प्रत्येक श्वासाला आत ओढल्या जात होत्या. आदल्या संध्याकाळपासून धाप होती. आजीनं रात्रभर छातीला तेल चोळलं, उजाडायची वाट पाहिली. माझ्याकडे तेव्हा ऑक्सिजन नव्हता. जीप काढून तालुक्याला निघालो. वाटेत ओढ्याला पाणी होतं. तासाभरानं पोहोचलो, तोवर उशीर झाला होता. त्या घरी मी नंतर कधी फी घेतली नाही. ते विषाणूचं काम होतं की कशाचं, याची तपासणी करायची सोयच नव्हती. पण ते चित्र मी पुढं दर पावसाळ्यात पाहिलं.

मुक्ताला हे मी कधी सांगितलं नव्हतं. ऐकून ती थोडा वेळ काही बोलली नाही.

"या आजारावर लस का नव्हती, माहितीये?" मग ती म्हणाली. "१९६६ मध्ये अमेरिकेत करून पाहिली होती. विषाणू फॉर्मॅलिननं मारायचा आणि टोचायचा. पोलिओवर साल्कनं केलं तसंच. एका गटातल्या एकतीस बाळांना दिली. पुढं त्यांतल्या वीस जणांना खरी लागण झाली आणि सोळा जण रुग्णालयात गेले. दोन बाळं दगावली. लस न घेतलेल्यांपेक्षा यांचा आजार जास्त वाईट. बाळांना अशी मारलेल्या विषाणूची लस टोचायचा धीर पुन्हा कुणाला झाला नाही."

तिनं उघडी छत्री उचलली आणि काड्या उलट्या वळवल्या, वादळात होते तशी. ही ओरडली, पण मुक्ता थांबली नाही.

"आरएसव्हीचं एफ प्रथिन इतकं नाजूक आहे, की ते आम्लाचीही वाट बघत नाही. नुसतं ठेवून दिलं, गरम केलं, तरी उलटतं. त्या लसीत उरलेलं एफ बहुतेक असं उलटलेलं होतं. बाळांच्या शरीरानं उलट्या छत्रीची ओळख करून घेतली. खरा विषाणू आला तो मिटलेली छत्री घेऊन. अँटिबॉडी भरपूर, पण त्यांना तो अडवता येईना."

"एवढंच कारण?" मी विचारलं. "मी तर वाचलं होतं की फॉर्मॅलिननं प्रथिनं बिघडली, प्रतिकाराचं वळणच दम्याच्या अंगानं गेलं."

"तेही आहे. एकच कारण नाही. पण २०१३ मध्ये मॅकलेलन, ग्रॅहॅम, क्वाँग यांच्या गटानं मिटलेल्या एफला एका अँटिबॉडीनं धरून ठेवलं आणि त्याची रचना काढली. तेव्हा दिसलं की सगळ्यात जालीम अँटिबॉडी छत्रीच्या टोकाशी बसतात, आणि उलटल्यावर ते टोकच नाहीसं होतं. मग त्यांनी प्रथिनाला आतून एक टाका घातला, पोकळ्या बुजवल्या, म्हणजे ते मिटलेलंच राहील. त्याच वाटेनं २०२३ मध्ये म्हाताऱ्यांसाठी लस मंजूर झाली, मग गरोदर बायकांसाठी, आणि नवजात बाळाला एकदाच टोचायची तयार अँटिबॉडीही. औषध चाललं नाही म्हणतोस ना? इथं चाललं. आकार बघितल्याशिवाय हे सुचलंच नसतं."

मला अजून एक बाण सोडायचा होता, आणि तो मी सोडलाच. करोनाच्या काट्यात प्रोलीन नावाची दोन अमिनो आम्लं घालून त्यालाही असंच मिटवून ठेवलं, त्यामुळे लस जमली, हे तिचं आवडतं उदाहरण. "पण आपण कोविशील्ड घेतली, तुझ्या आईनं कोव्हॅक्सिन. दोन्हींत ते प्रोलीन नव्हते. पुण्यातल्या कारखान्यात चिंपांझीच्या अडेनोव्हायरसमध्ये भरलेल्या जनुकाचा काटा अगदी मूळ वळणाचा होता. कोव्हॅक्सिन तर पुण्याच्या एनआयव्ही या विषाणू संस्थेनं वेगळा केलेला सबंध विषाणू, मारून भरलेला. तरी माणसं वाचली."

"वाचली," ती म्हणाली. "प्रोलीन अपरिहार्य होते असं मी म्हणणार नाही. त्यांनी काम चोख केलं. पण आरएसव्हीत तसं झालं नाही. कुठल्या विषाणूची छत्री किती हलकी, ते आधी बघावं लागतं."

यावर आमचं जमलं म्हणायचं. मी माझी बाजू पूर्ण सोडलेली नाही. २०१९ या एका वर्षात आरएसव्हीनं जगभरात पाच वर्षांच्या आतली सुमारे एक लाख मुलं गेली, आणि शंभरातली सत्त्याण्णव गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. विषाणूचा आकार तिकडेही तोच, इकडेही तोच. फरक ऑक्सिजनचा, रस्त्याचा, ओढ्यावरच्या पुलाचा. मुक्तानं हे मान्य केलं. पण १९६६ ला त्या दोन बाळांच्या बाबतीत नेमकं काय चुकलं ते मी माझ्या स्टेथोस्कोपनं शंभर वर्षांत शोधलं नसतं, हे मलाही मान्य करावं लागलं.

छत्रीच्या दोन काड्या गेल्या. दुरुस्तीवाल्यानं सत्तर रुपये घेतले, ते मी दिले.

नवी लस आणि अँटिबॉडी आपल्या घरातल्या बाळापर्यंत पोहोचो न पोहोचो, पावसाळा आलाय. म्हणून ज्यांच्या घरी तान्हं मूल आहे त्यांना एक सांगून ठेवतो. सर्दी-खोकला झालेलं बाळ शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट त्याचं पोट किती वेळा वर-खाली होतं ते मोजा. दोन महिन्यांच्या आतलं असेल आणि आकडा साठ किंवा त्याहून जास्त आला, दोन महिने ते एक वर्षाचं असेल आणि पन्नास किंवा जास्त आला, किंवा खालच्या बरगड्या आत ओढल्या जात असतील, बाळ दूध ओढत नसेल, तर तेल चोळत बसू नका आणि उजाडायची वाट बघू नका. रात्रीच न्या.